पुसून टाकायचा आवाज

आयव्हर पास्कने टेबलावरचं, पलीकडच्यांशी बोलायचं बटण दाबलं आणि काचेपलीकडे चाललेला वाद्यवृंद मध्येच थांबवला.

“व्हायोला, तिसरी जोडी, भिंतीकडचा कुणीतरी. तिथं मोकळी तार वाजतेय. बोट ठेवून वाजवा. नाहीतर आपली बाई खून करायला नाही, सहलीला निघाल्यासारखी वाटते.”

हेडफोन लावलेल्या साठ माणसांत हशा पिकला. तिसऱ्या जोडीतल्या एका टकल्या वादकाने गज वर करून गुन्हा कबूल केला.

“महाराज,” शेजारी बसलेली प्रू म्हणाली, “कान एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. एवढं ऐकू येणं तब्येतीला बरं नाही.”

प्रू ध्वनिमुद्रणाचं टेबल सांभाळायची. आयव्हरबरोबर तिने इतकी वर्षं काढली होती की त्याची टिंगल करायची तिला मुभा होती. आयव्हर हसला. कानांचं कौतुक त्याला आवडत असे. लंडनच्या वादकांत त्या कानांच्या कथा चालत. शेजारच्या गल्लीतली किटली कुठल्या सुरात शिट्टी मारते तेही म्हणे त्याला कळतं. त्याने ही कथा कधी खोडून काढली नव्हती.

गुप्तहेरांच्या आणि मारेकऱ्यांच्या सिनेमांची शीर्षकगीतं हा त्याचा प्रांत. नावं पडद्यावर येत असतात, पाण्यात शाई सांडल्यासारखं काहीतरी फिरत असतं, आणि कुणीतरी बाई खालच्या पट्टीत गात असते, ते गाणं. असल्या गाण्याने घाबरवायचं नसतं, बोलवायचं असतं, असं तो तरुण संगीतकारांना सांगे. ऐकणारा आपल्या पायांनी अंधारात चालत आला पाहिजे. या वेळच्या सिनेमातली बाई सुपारी घेऊन माणसं मारणारी होती आणि तिच्या गाण्याचं धृपद असं होतं:

दार लोटून ठेव, कडी नको लावूस,
येईन मी, पाऊल न वाजवता.

खाली चेलोंची जाड, संथ घरघर, मध्ये तोंडं झाकून वाजवलेली ट्रम्पेटं, आणि सगळ्यांच्या मागे बारा बायकांचं कोरस. कोरसच्या समोर उभी राहून त्यांना हात दाखवणारी बाई म्हणजे नेरिस, आयव्हरची बायको. बायका जमवणं, त्यांच्याकडून बसवून घेणं, हे हल्ली तिचं काम. पूर्वी ती स्वतः गायची. वेल्समधल्या एका खाणीच्या गावातून आलेली, प्रार्थनामंदिरात तयार झालेली, उंच, सरळ, उजेडासारखा आवाज. मग गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाजाची नस दुखावली. परत येईल किंवा येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. शुद्धीवर आल्यावर तिने बोलायला तोंड उघडलं तेव्हा दार करकरल्यासारखा आवाज आला होता, आणि आयव्हरने तिचा हात धरून ‘काही हरकत नाही, काही हरकत नाही’ असं पुन्हा पुन्हा म्हटलं होतं.

आयव्हरची याआधीची दोन गाणी अगदी शेवटच्या घटकेला सिनेमातून काढून टाकली होती. गोड आहेत, जुनी वाटतात, असं कळवलं गेलं. या खेपेला निर्मात्यांनी दुसऱ्याच कुणाकडून एक गाणं करवून तयार ठेवलं होतं. दिग्दर्शक फिन्टन रोश सरळ माणूस, त्याने ते लपवलं नाही. आज संध्याकाळपर्यंत आयव्हरचं गाणं अंगावर काटा आणणारं झालं तर ठीक, नाहीतर दुसरं. आयव्हर बासष्टचा होता. यापुढे आपल्याला कुणी बोलावणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि गाणं तसं झालंही होतं. पंचाईत एवढीच की ते चुकीच्या गळ्यात झालं होतं.

या धंद्यात गाणं आधी कुणीतरी गाऊन ठेवतं. त्याला गाईड म्हणतात. मोठी गायिका ते ऐकून चाल शिकते, मग ते पुसून टाकायचं. आयव्हरने घरामागच्या बागेतल्या शेडमध्ये हे गाईड नेरिसकडून गाऊन घेतलं होतं. तिच्या उरल्यासुरल्या आवाजात, ‘येईन मी’ मधल्या ‘मी’वर सूर फाटायचा, खाली पडायचा आणि पडता पडता कशाला तरी धरायचा. फिन्टनने ते ऐकलं आणि त्याच दिवशी निर्मात्यांशी भांडून आयव्हरचं नाव यादीत परत घातलं. गाणारं कोण, असं त्याने विचारलं होतं. “आहे एक जुनी कोरसवाली,” आयव्हर म्हणाला होता. बायकोचं नाव त्याने का घेतलं नाही, हे त्याला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. घरगुती काम वाटेल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं होतं.

आता खरी गायिका किझी ब्लेन काचेच्या खोपट्यात उभी राहून गात होती. किझी तेवीस वर्षांची, दक्षिण लंडनची, तिचा चेहरा बसगाड्यांवर लावलेला असे. वाद्यवृंद संपला, शेवटचा स्वर हवेत लोंबकळत राहिला.

सोफ्यावर पाय घेऊन बसलेल्या फिन्टनने हातातलं बेकनचं सँडविच खाली ठेवलं.

“छान आहे,” तो म्हणाला. “फार छान आहे. हीच तर गोची आहे. हिला दार कोण उघडेल? सगळेच उघडतील, वर चहा विचारतील. मला ती दुसरी पाहिजे, जिला दार उघडलं की मेलात.”

“पोरगी दमलीय,” प्रू म्हणाली.

“तिला ते गाईड पुन्हा ऐकव.”

प्रूने ऐकवलं. किझीने गायलं. पुन्हा ऐकवलं, पुन्हा गायलं. ती सूर ओरबाडायला लागली होती आणि त्यामुळे तो भीतीदायक होण्याऐवजी सर्दी झाल्यासारखा येत होता. आयव्हरने वादकांना पाच मिनिटं बसा म्हणून सांगितलं, ट्रम्पेटवाल्यांना एक सूचना केली, हार्पवालीशी दोन शब्द बोलला. बटण प्रत्येक वेळी दाबून धरायचं म्हणजे अंगठा दुखायचा, म्हणून तो ते खाली दाबून अडकवून ठेवत असे. प्रूला ही सवय मुळीच पसंत नव्हती.

तेवढ्यात दार ढकलून किझी आत आली. हेडफोन तिने गळ्यात तसाच ठेवला होता आणि त्याची वायर मागून लोंबत होती.

“कोण आहे ती बाई?” तिने विचारलं. “नाही, सांगा ना. रात्रंदिवस मी तिचंच ऐकतेय. मला ते येत नाही. तिलाच आणा ना मग. मी आपली घरी जाते. खरंच सांगते, रागावून नाही. माझी आजी म्हणते, जिथं जमत नाही तिथनं हसत निघावं.”

ती हसत नव्हती. डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती छताकडे बघत होती.

फिन्टनने आयव्हरकडे पाहिलं. आयव्हरला त्या नजरेत ते दुसरं, तयार ठेवलेलं गाणं स्पष्ट दिसलं.

“बस,” आयव्हर म्हणाला. “पाणी पी. आणि माझं ऐक, पोरी. त्या आवाजाशी तू झगडतेसच कशाला? ते गाणं नाहीये. ती बाई संपलेली आहे. गळ्याचं ऑपरेशन झालं, नस गेली. स्वर धरताच येत नाही म्हणून तो फाटतो. मोडकं भांडं कसं वाजतं ते ऐकायला मी तिला घेतली. तू धडधाकट आहेस. धडधाकट माणसानं लंगड्याची नक्कल करू नये.”

“म्हणजे ती ते मुद्दाम करत नाही?”

“छे. मुद्दाम करायला तिच्याकडे काही उरलंय कुठं?”

किझीने नाक पुसलं. तिचे खांदे खाली आले. फिन्टननेही सँडविच पुन्हा हातात घेतलं. आयव्हरला बरं वाटलं. घाबरलेल्या गायकाला कसं सावरायचं ते आपल्याला अजून जमतं, असं त्याच्या मनात आलं. आणि मग त्याला जाणवलं की फार शांत झालं आहे.

पाच मिनिटांच्या सुट्टीत साठ वादक कधीच शांत बसत नाहीत. कुणी सूर लावतं, कुणी मॅचचा निकाल विचारतं, व्हायोलावाल्यांवर विनोद होतात. आता काहीच ऐकू येत नव्हतं. प्रूचा हात टेबलावरून सावकाश सरकला आणि त्या अडकवलेल्या बटणावर येऊन थांबला. त्याच्यावरचा लाल दिवा लागलेला होता.

आयव्हरने काचेतून पाहिलं. बहुतेकांच्या कानांवर हेडफोन होते. टकला व्हायोलावाला गजाला राळ लावत होता, लावतच होता. कोरसमधल्या बायका आपापल्या कागदांकडे बघत होत्या, फक्त एक सरळ आयव्हरकडे बघत होती. आणि नेरिस त्यांच्या समोर उभी होती, एक हात कानावरच्या हेडफोनवर, जणू काही नीट ऐकू आलं नाही म्हणून तो दाबून धरला आहे.

मग ती समोरच्या माइककडे वाकली.

“आम्ही तयार आहोत,” ती म्हणाली. “दुसऱ्या कडव्यापासून घ्यायचं का?”

तिचा बोलण्याचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता. प्रूने बटण सोडवलं. दिवा विझला.

“ती कोण?” फिन्टनने विचारलं.

“याची बायको,” प्रू म्हणाली. “आणि गाईड गाणारीही तीच. अजून काही ऐकायचंय?”

“अरे देवा,” फिन्टन म्हणाला आणि त्याने सँडविच कागदात गुंडाळून टाकलं.

आयव्हरचा चेहरा तापला होता. कानांच्या पाळ्यांपर्यंत रक्त चढल्याचं त्याला कळत होतं. उठून तिच्याकडे जायला हवं, हे त्याला माहीत होतं. दार हाताच्या अंतरावर होतं, पुढे तीन पायऱ्या आणि मग ती मोठी खोली. पण त्या खोलीतून चालत जायचं म्हणजे साठ माणसांच्या मधून जायचं. तो खुर्चीतच बसला आणि सुरावटीचे कागद टेबलावर ठोकून सरळ करू लागला. ते आधीपासूनच सरळ होते.

गेली ती किझी. कुणाला काही न सांगता ती बाहेर पडली. चेलोंच्या मधून वाट काढत कोरसपर्यंत पोहोचली आणि नेरिसला काहीतरी म्हणाली. नेरिसने मान हलवली. मग तिचा हात धरून तिला त्या काचेच्या खोपट्यात घेऊन गेली. खोपट्याचं दार लागलं. तिथला माइक चालू होता, त्यामुळे आतलं सगळं स्पीकरवर येऊ लागलं, आणि वादकांच्या हेडफोनमध्येही.

“बंद करू?” प्रूने विचारलं.

आयव्हर पुन्हा कागद सरळ करू लागला. प्रूने ते चालू ठेवलं.

“तुम्हीच ना त्या?” किझीचा आवाज.

“मीच. बस बाई त्या स्टुलावर. चहा मागवला असता, पण गाण्याआधी दूध नको.”

“ते जे म्हणाले ना...”

“ऐकलं मी. सगळ्यांनीच ऐकलं. ते राहू दे. तुझं काय चुकतंय सांगू? तू पहिल्यापासूनच फाटका आवाज लावतेस. आधी कापड पाहिजे ना फाडायला. ते अख्खं गा, मग सोड.”

“अख्खं म्हणजे कसं?”

“असं.”

आणि स्पीकरमधून एक आवाज आला. दार लोटून ठेव, कडी नको लावूस. उंच, सरळ, कुठेही न थरथरता, एखाद्या थंड सकाळी खिडकी उघडावी तसा. येईन मी. ‘मी’वर तो थांबला, वाढला, आणि जिथे ठेवायचा तिथे अलगद ठेवला गेला.

आयव्हर प्रूकडे वळला. कोरसमधली कुठली मुलगी आत गेली, असं तो विचारणार होता. तोंडही उघडलं होतं त्याने. प्रूचा चेहरा पाहून ते त्याने मिटलं. खोपट्यात दोघीच होत्या.

“आता बघ,” नेरिस सांगत होती, “इथपर्यंत तसंच यायचं. आणि मग खालचा आधार काढून घ्यायचा. ढकलायचं नाही. पडू द्यायचं.”

तिने पुन्हा गायलं, आणि या वेळी ‘मी’ फाटला, पडला, पडता पडता कशाला तरी धरून राहिला. हुबेहूब गाईडसारखा. अंगावर काटा आणणारा.

“दुखत नाही?” किझीने विचारलं.

“नाही गं. दुखायचं तेव्हा ते आपोआप व्हायचं. मग हिवाळ्यात हळूहळू बरं झालं, तेव्हा शिकावं लागलं. वेळ लागला मला. तुला नाही लागणार, तुझा श्वास चांगला आहे.”

“पण बरं झाल्यावर मग तुम्ही असं का गात राहिलात?”

स्पीकरवर कागद उलटल्याची सळसळ आली.

“मागणी त्याचीच होती,” नेरिस म्हणाली.

काचेपलीकडे टकल्या व्हायोलावाल्याने गजाने स्टँडवर टकटक केलं. लंडनचे वादक टाळ्या वाजवत नाहीत, असंच करतात. त्याच्या शेजाऱ्याने केलं, मग पुढच्या रांगेने, मग सगळ्यांनीच. पाऊस पत्र्यावर यावा तशी ती टकटक खोलीभर झाली. आयव्हरच्या हातात गज नव्हता. पेन्सिल होती, ती त्याने खाली ठेवली. त्या टकटकीत सामील व्हायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं, आणि ते बरोबरच होतं.

किझीने नंतर जे गायलं ते सिनेमात लागलं. दुपारच्या चहाच्या आधीच काम संपलं. शेवटचा स्वर मिटल्यावर फिन्टन सोफ्यावरून उठला. मग त्याने आयव्हरच्या पाठीवर थाप मारली. “झालं तुझं गाणं,” तो म्हणाला. थाप चांगली जोरात होती, पण तो त्याच्याकडे न बघता म्हणाला. ज्याच्यासाठी आयव्हर महिनोन्महिने झोपला नव्हता ते वाक्य आलं आणि गेलं, आणि त्याला त्यातलं काही घेता आलं नाही. मोठ्या खोलीत किझी नेरिसच्या गळ्यात पडून हसत होती. कोरसमधल्या बायका कोट घालत होत्या, एकेक करून नेरिसच्या गालाला गाल लावून निघत होत्या. आयव्हर दाराशी उभा राहिला. त्यांनी त्यालाही निरोप दिला, अगदी रीतसर.

संध्याकाळी गाडीत नेरिसने खिडकी थोडी खाली घेतली. नॉर्थ सर्क्युलर रस्ता नेहमीप्रमाणे तुंबला होता. पुढच्या व्हॅनच्या मागच्या धुळीत कुणीतरी बोटाने ‘मला धुवा’ असं लिहिलं होतं आणि ते वाक्य ती दोघं बराच वेळ वाचत बसली.

“मी त्या पोरीसाठी म्हणालो ते,” आयव्हर म्हणाला. “ती चालली होती निघून.”

“माहीत आहे.”

“वाटेल ते बोलतो माणूस अशा वेळी.”

“बोलतो. गायिका हातची जात असली की त्या खोलीत काय काय बोलतात ते मी पण ऐकलंय. मीही बोललेय. एकदा एका बाईला मी सांगितलं होतं की तिच्या आधीची गायिका मेली. जिवंत होती ती.”

आयव्हरने हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही.

“लागलं मला,” नेरिस म्हणाली. “माझ्या बायकांसमोर लागलं. मोडकं भांडं म्हणालास. पण तेही विसरता येईल. तू खोटं बोलला असतास तर चाललं असतं, आयव्हर. तुला ते खरंच वाटत होतं.”

गाडी थोडी पुढे सरकली, पुन्हा थांबली.

“मला कसं कळणार?” तो म्हणाला. “तू सांगितलंस का कधी? एका शब्दानं?” बोलता बोलताच आपला आवाज तक्रारीचा झाल्याचं त्याला ऐकू आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. सकाळी त्याने एक मोकळी तार साठ वादकांतून वेचून काढली होती.

“सांगायचं कशाला?” ती म्हणाली. “पहिल्यांदा वाटलं, नको. खरं नसेल, जाईल परत. मग वाटलं, तुलाच कळू दे. म्हटलं, ऐकेल आणि एकदम मान वर करेल. तुझी ती मान वर करायची पद्धत आहे ना, कुणी चांगलं वाजवलं की. मी वाट बघत होते त्याची.”

“पण तू गायलीच नाहीस कुठं.”

“तुझ्यासमोर गायले.”

“कधी?”

“शेडमध्ये. दर वेळी, सुरू करायच्या आधी.”

“नाही गं. शेडमध्ये तू नेहमी ते...”

“सिग्नल हिरवा झाला,” नेरिस म्हणाली, आणि मागच्या गाडीनेही तेच सांगायला हॉर्न दिला.

वॉल्थमस्टोला घरी पोहोचले तेव्हा ऊन अजून बागेतल्या भिंतीवर होतं. नेरिसने बूट बदलले आणि घेवड्याच्या वेलांना पाणी घालायला ती नळी ओढत घेऊन गेली. चहा टाकू का, असं आयव्हरने विचारलं. टाक, म्हणाली. त्याने चहा केला, तिचा कप पायरीवर नेऊन ठेवला आणि स्वतःचा तिथेच विसरून तो शेडमध्ये गेला.

गाईडची सगळी ध्वनिमुद्रणं कॉम्प्युटरवर होती, थंडीतल्या पहिल्यापासून ते परवाच्या शेवटच्या पर्यंत, कारण फिन्टनने चाल कितीदा तरी बदलायला लावली होती. प्रत्येकाची पडद्यावरची पट्टी गाण्याच्या पहिल्या शब्दाला अगदी टेकून सुरू होत होती. ती शिस्त आयव्हरचीच. गाण्याच्या आधीची खुर्चीची करकर, कागदांची सळसळ, खोकला, गळा मोकळा करणं, हे सगळं तो लगेच कापून टाकायचा. ऐकायलाही थांबायचा नाही, पडद्यावर नुसत्या रेषा बघून कापायचा. पण कापलेलं तिथेच दडून राहतं, पट्टीचं टोक धरून मागे ओढलं की परत येतं.

त्याने पहिल्या पट्टीचं टोक मागे ओढलं आणि हेडफोन लावला.

खुर्ची करकरली. नेरिस खाकरली. मग धृपदाची पहिली ओळ आली, बारीक, कापरी, पण अख्खी. कडी नको लावूस. तिथे ती थांबली, आणि मग त्याने ठेवलेला भाग सुरू झाला.

त्याने पुढची ओढली. त्यातही होतं. त्याच्या पुढचीही ओढली. प्रत्येकात होतं, आणि प्रत्येकात आवाज थोडा अधिक भरलेला होता, आजारातून उठलेलं माणूस रोज एक खोली पुढे चालत यावं तसा. अधूनमधून तो स्वतःही ऐकू येत होता, कळफलक बडवत, फिन्टनला शिव्या देत, एकदा तर तिच्या सबंध ओळीवर नाक शिंकरत. बाहेर नळीचं पाणी पानांवर पडत होतं. आयव्हरने खिडकी लावून घेतली, कारण हे तिने बाहेरून ऐकावं असं त्याला वाटत नव्हतं. मग तिने ते आधीच ऐकलेलं आहे, समोर बसून ऐकलेलं आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

शेवटची पट्टी राहिली होती. त्याने तिचंही टोक धरलं. मग त्याने ते ओढलं.

या वेळी करकर नव्हती, खोकला नव्हता. ती एकदम गाऊ लागली होती. दार लोटून ठेव, कडी नको लावूस, येईन मी, पाऊल न वाजवता. दोन्ही ओळी, वरच्या पट्टीत, पूर्ण उघड्या गळ्याने, खोलीतल्या कुणाला तरी ऐकवण्यासाठी गावं तशा. शेवटचा स्वर तिने लांबवला, आणि तो संपल्यावरही ती काही बोलली नाही. ती थांबली होती. त्या शांततेत त्याच्या खुर्चीची चाकं फिरल्याचं ऐकू आलं. मग माइकच्या अगदी जवळ, खुशीत असलेला त्याचा स्वतःचा आवाज आला.

“झालं का गळा साफ करून? चल, आता तुझा खरा आवाज दे.”

काही क्षण नुसतीच शेड ऐकू येत राहिली.

“बरं,” नेरिस म्हणाली.

तिने श्वास घेतला आणि तो फाटका आवाज सुरू झाला, अगदी त्याला हवा होता तसा.